घर की रुग्णालय? स्मृतिभ्रंशाच्या शुश्रूषेचा इतिहास

‘साठी, बुद्धी नाठी’ असे आपल्याकडे पूर्वापार म्हटले जाते. उतारवयातील विसराळूपणा हा रोग असू शकेल, हे कोणाच्या ध्यानीमनी नसे. ‘म्हातारचळ’ म्हणून घरातील माणसे तो निभावून नेत. या अवस्थेच्या आज सर्वपरिचित असलेल्या प्रकाराला रोगाचे नाव मिळाले, त्याला सव्वाशे वर्षेही झालेली नाहीत.

नोव्हेंबर १९०१ मध्ये जर्मनीतील फ्रँकफुर्टच्या मनोरुग्णालयात ऑगुस्ट डेटर ही ५१ वर्षांची स्त्री दाखल झाली. तिच्या पतीला तिला घरी सांभाळणे अशक्य झाले होते. डॉ. आलोईस आल्झायमर यांनी पतीचे नाव विचारले असता तिने स्वतःचेच नाव सांगितले. एप्रिल १९०६ मध्ये तिचा रुग्णालयातच अंत झाला. तिच्या मेंदूची तपासणी करून डॉक्टरांनी त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये ट्युबिंगेन येथे आपले निष्कर्ष मांडले, आणि १९१० मध्ये क्रेपेलिन यांनी आपल्या ग्रंथात या रोगास ‘आल्झायमर’ हे नाव दिले. रोगाची ओळख रुग्णालयात पटली हे खरे. परंतु रोग बरा करणारे औषध त्या रुग्णालयाला सापडले नाही, आणि ते आजही उपलब्ध नाही.

भारतात १८५८ व १९१२ च्या कायद्यांचा रोख मुख्यतः मनोरुग्णास बंदिस्त जागी ठेवण्यावर होता. या विचाराला छेद दिला तो अमृतसरच्या मनोरुग्णालयाचे प्रमुख डॉ. विद्यासागर यांनी. १९५० नंतरच्या दशकात त्यांनी रुग्णालयाच्या आवारात तंबू ठोकून रुग्णांच्या नातलगांना तेथे राहावयास बोलाविले. तेथील रुग्ण प्रामुख्याने अन्य मनोविकारांचे होते. तथापि घरची माणसे हीच शुश्रूषेचे मोठे बळ होत, हे त्या तंबूंनी दाखवून दिले. पुढे १९९२ मध्ये केरळात ‘अल्झायमर्स अँड रिलेटेड डिसऑर्डर्स सोसायटी’ स्थापन झाली. तिच्या २०१० च्या अहवालाने देशातील रुग्णसंख्या सुमारे ३७ लाख असल्याचे सांगितले. २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याने तर समाजात राहण्याचा रुग्णाचा हक्कच मान्य केला.

आपणा परप्रांतस्थ मराठी कुटुंबांपुढे हा प्रश्न आणखी एका अंगाने उभा राहतो. या रोगात पुष्कळदा नंतर शिकलेली भाषा आधी विसरते आणि मातृभाषा दीर्घकाळ टिकते. माझ्या मातोश्री आमच्याकडे राहावयास आल्यावर हिंदी शिकल्या होत्या. आजारात ती साफ पुसली गेली. तापासाठी त्यांना एका रुग्णालयात ठेवले असता, रात्री त्या ‘तहान लागली’ म्हणत राहिल्या. परिचारिकेस ते कळले नाही, आणि नोंदवहीत ‘रुग्ण सहकार्य करीत नाही’ असा शेरा पडला. तो वाचला त्या दिवशी आम्ही दोघांनी त्यांना घरीच सांभाळण्याचे ठरविले.

तथापि घरची शुश्रूषा सोपी आहे असे कोणी समजू नये. माझे कार्यालय सुटत नसे. रात्रीची जागरणे आणि त्याच प्रश्नाला विसाव्यांदा उत्तर देणे हे बहुतांशी सौभाग्यवतीच्या वाट्याला आले. याची लाज मला उशिरा वाटली. शिवाय पडणे, हाड मोडणे, ताप किंवा एकाएकी वाढलेला गोंधळ अशा वेळी रुग्णालय टाळणे हा अपराधच होय. ज्यांच्या घरी माणूसबळच नाही त्यांनी संस्थेचा आश्रय घेतला, तर त्यांना बोल लावण्याचा अधिकार कोणालाही नाही.

आम्हांस तारले ते मंडळातील दोन भगिनींनी. आठवड्यातून दोन दुपारी त्या आईंजवळ बसत, तांदूळ निवडत आणि माहेरच्या गप्पा काढीत. आईंना त्यांची नावे कधीच आठवली नाहीत. मात्र मराठी ऐकताच त्या ‘बसा, चहा घेऊन जा’ म्हणत. पन्नास वर्षांत आपल्या मंडळाने गणेशोत्सव साजरे केले, नाटके केली. आता सभासदांपैकी अनेकांच्या घरी वृद्ध मातापिता आहेत. अशा दुपारींची पाळी मंडळाने नेमाने लावून घ्यावी, एवढीच या सुवर्णमहोत्सवानिमित्त विनंती.