जनरेटिव्ह डिझाइन
यंत्रभागाने किती भार पेलायचा, तो कुठे जखडायचा, धातू कोणता, वजन किती, एवढे सांगितल्यावर संगणकाने आकार स्वतः घडवण्याची पद्धत. कमीत कमी साहित्याच्या सांगाड्यांचा सिद्धान्त अभियंते मिशेल यांनी १९०४ मध्ये मांडला. त्याला संगणकीय रूप संशोधक बेंडसो व किकुची यांनी १९८८ मध्ये दिले. ताण न येणारे साहित्य खरवडत गेल्यावर उरते ते हाडासारखे दिसते. २०१८ मध्ये जनरल मोटर्सने आसनाचे आठ भागांचे ब्रॅकेट असे एकसंध केले; वजन ४० टक्के घटले. याउलट यवतमाळच्या काळ्या रानात चालणाऱ्या डवऱ्याची, म्हणजे कोळपणीच्या अवजाराची, पास (पाते) लोहार नजरेने बेततो. ती संगणकाला बेतायला द्यायची, तर मातीच्या ओढीबरोबर दगडाचा धक्काही सांगावा लागेल. न सांगितलेला भार संगणक धरत नाही.