छप्पर उसकणारे चौघे



प्रायश्चित्तकाळ आला की आपल्यातले काही पुरुष दारू सोडतात. चाळीस दिवस शब्द पाळतात आणि ईस्टरच्या दुपारी पुन्हा बाटली उघडते. खानवेलच्या एका भावाने मला विचारले, "मी वेदीसमोर शपथ घेतो आणि मोडतो. मग माझी श्रद्धा खोटी का?" तेव्हा मला उत्तर सुचले नाही. आज ते इतिहासात शोधू या.

आपल्या भागात दारू सोडण्याची मोठी लाट शंभर वर्षांपूर्वी आली होती. पूर्वी आदिवासी घरोघरी मोहाची दारू गाळत. १८७८ च्या मुंबई अबकारी कायद्याने ते बंद केले आणि लोकांना मक्तेदाराच्या दुकानावर नेऊन उभे केले. पिणे थांबले नाही, कर्ज मात्र वाढले. मग १९२२ मध्ये पालघरच्या किनाऱ्यावरील कोळी वस्त्यांतून देवीची चळवळ निघाली. नगर हवेली तेव्हा पोर्तुगीज अमलाखाली होती. भोवतालच्या जव्हार, धरमपूर संस्थानांतून ही लाट सुरत जिल्ह्यात पोहोचली. लोक मांडवात जमत, अंगात आलेल्या माणसाच्या तोंडून सालाबाई देवीची आज्ञा ऐकत: दारू-ताडी सोडा, रोज आंघोळ करा, स्वच्छ राहा. हजारोंनी दारू सोडली. त्यांची श्रद्धा आपली नव्हती, पण त्यांची तळमळ खरी होती. पुढे लाट ओसरली. काही जण टिकले, त्यांना 'वर्जेला' म्हणत. काही पुन्हा प्यायला लागले, ते 'सर्जेला'. एका दिवसाची शपथ मोठी असते, पण तिला दुसऱ्या दिवशी सोबत लागते.

तेरा वर्षांनी, मे १९३५ मध्ये, बिल विल्सन नावाचा न्यूयॉर्कचा शेअर दलाल अमेरिकेतल्या अ‍ॅक्रन शहरात कामासाठी आला होता. दारू सोडून त्याला जेमतेम पाच महिने झाले होते. व्यवहार फसला. हॉटेलात एका बाजूला दारूचा बार, दुसऱ्या बाजूला चर्चच्या नावांची यादी आणि टेलिफोन. त्याने टेलिफोन उचलला. आपण बुडू नये म्हणून त्याला दुसऱ्या एका दारुड्याशी बोलायचे होते. एका पाळकाला लावलेल्या त्या फोनमुळे तो डॉ. बॉब स्मिथ या शल्यविशारदापर्यंत पोहोचला. डॉक्टर पंधरा मिनिटांच्या बोलीवर भेटले आणि कित्येक तास बोलत बसले. मध्ये ते एकदा घसरलेही. १० जून १९३५ ला त्यांनी शेवटचा घोट घेतला. तोच दिवस अल्कोहोलिक्स अनॉनिमसचा जन्मदिवस मानतात. सुरुवातीचे ते सोबती याकोबाचे पत्र आवडीने वाचत. आपली पापे एकमेकांजवळ कबूल करा, हा उपदेश त्याच पत्रात आहे.

१९५७ मध्ये ही संगत मुंबईत आली. १९८१ मध्ये वांद्र्याच्या माउंट कार्मेल चर्चमध्ये फादर ज्यो परेरा यांनी 'कृपा फाउंडेशन' सुरू केले. दारूच्या व्यसनातून ते स्वतः याच संगतीमुळे बाहेर आले होते. पुढे वसईतही कृपाचे केंद्र झाले.

मग सभेला जायचे कसे? आपल्या फादरांना, सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टरांना किंवा दारू सुटलेल्या माणसाला विचारा. खानवेल-सिल्वासा भागात सभा सापडली नाही तर वापीला, रेल्वेच्या वाटेवरच्या गावांत चौकशी करा. बऱ्याच सभा चर्चच्या किंवा शाळेच्या खोलीत भरतात. फी नसते, आडनाव विचारत नाहीत, धर्मही विचारत नाहीत. दारू सोडायची इच्छा एवढीच अट. पहिल्या दिवशी नुसते ऐकले तरी चालते. घरच्यांसाठी 'अल-अ‍ॅनॉन' ही वेगळी संगत असते, कारण बायको-मुलांची जखमही जखमच. एक मात्र लक्षात ठेवा: जो रोज भरपूर पितो त्याने डॉक्टरांना न विचारता एकदम थांबू नये. हातपाय थरथरणे, फिट येणे, जिवावर बेतणे, सगळे होऊ शकते.

शेजारच्या गुजरातेत दारूबंदी आहे, आपल्याकडे नाही. दुकान नेहमी जवळ, सभा लांब. म्हणून पहिल्या खेपेला माणसाला एकटे पाठवू नका.

कफर्णहूमातला पक्षघाती स्वतःच्या पायांनी येशूकडे गेला नव्हता. चौघांनी त्याला उचलले, दाटी पाहून छप्पर उसकले आणि खाट खाली सोडली. मार्क सांगतो की येशूने त्या माणसांचा विश्वास पाहिला.

त्या भावाला मी आता एवढेच सांगितले, "तुझी श्रद्धा खोटी नाही. तुझी खाट एकट्याने उचलायची नव्हती. येत्या सभेला मी बरोबर येतो." तो अजून हो म्हणालेला नाही. मी पुन्हा विचारणार आहे.

प्रभो, आमच्या घरातल्या, बाकावरच्या आणि बाक सोडून गेलेल्या प्रत्येक पिणाऱ्यासाठी आम्हांला खाटेचा एक कोपरा धरायला शिकव. आमेन.