छोट्या रेल्वेतील सव्वादोन मिलिमीटरांचा तंटा

ब्रिटिश बनावटीचे ‘डबल ओ’ मापाचे इंजिन रुळावर ठेवून समोरून पाहिले, की जाणकाराच्या नजरेला एक गोष्ट खटकते. चिमणी मापात असते, बाष्पकाचा गोल मापात असतो, रंगाची छटादेखील मूळ इंजिनाबरहुकूम असते. चाके मात्र अंग चोरून एकमेकांजवळ आलेली दिसतात. या मापात एका फुटासाठी चार मिलिमीटर धरतात. खऱ्या रुळांमधील अंतर चार फूट साडेआठ इंच, म्हणजे प्रतिकृतीत ते १८.८३ मिलिमीटर हवे. प्रत्यक्षात ते १६.५ मिलिमीटर असते. सव्वादोन मिलिमीटरांहून किंचित अधिक अशी ही तूट गेली कित्येक दशके ब्रिटनमधील छोट्या रेल्वेच्या छंदात वादाचा विषय होऊन बसली आहे.

या तुटीचे मूळ शोधण्यासाठी जर्मनीपर्यंत जावे लागते. ग्योपिंगेन येथील मेर्कलिन ही १८५९ साली स्थापन झालेली कंपनी आरंभी बाहुल्यांच्या स्वयंपाकघरातील पत्र्याची भांडी करीत असे. १८९१ मध्ये लाइपझिगच्या जत्रेत तिने चावीची आगगाडी मांडली आणि सोबत रुळांची एक पद्धतशीर योजनाही आणली. आज एक तुकडा घेतला, पुढच्या नाताळाला दुसरा जोडला, अशी ती सोय होती. रुळांच्या रुंदीला क्रमांक देण्याची प्रथाही याच सुमारास रूढ झाली. एक क्रमांकाहून लहान माप निघाले तेव्हा त्याला शून्य म्हणावे लागले. त्याची रुंदी ३२ मिलिमीटर. पुढे त्याच्याही निम्मे माप आले; ते १६.५ मिलिमीटरांवर स्थिरावले आणि त्याला ‘अर्धे शून्य’, म्हणजे एचओ, हे नाव पडले. यात फुटाला साडेतीन मिलिमीटर, म्हणजेच एकास सत्त्याऐंशी हे प्रमाण असते आणि रूळ व गाडी यांचा मेळ बरोबर बसतो.

मग ब्रिटनमध्ये हा मेळ का बिघडला? तेथील रेल्वे जगात सर्वांत आधीची. तिचे पूल आणि बोगदे अरुंद, त्यामुळे इंजिने व डबेही युरोप-अमेरिकेतील गाड्यांपेक्षा अंगाने लहान. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धातील विजेच्या मोटारी साडेतीन मिलिमीटर प्रमाणातील ब्रिटिश इंजिनाच्या पोटात मावत नसत. निर्मात्यांनी तोड काढली ती अशी, की रूळ होते तेच ठेवावेत आणि इंजिन तेवढे चार मिलिमीटर प्रमाणाने मोठे करावे. लिव्हरपूलच्या फ्रँक हॉर्नबी यांच्या मेकॅनो कंपनीने १९२० पासून शून्य मापाच्या गाड्या विकल्या होत्या. १९३८ मध्ये तिने ‘हॉर्नबी डब्लो’ ही मालिका काढली आणि तडजोडीवर बाजाराची मोहोर उमटली. एकदा लक्षावधी रूळ घरोघरी पोहोचले, की माप बदलणे कोणाही कारखानदाराला परवडत नाही.

हौशी मंडळींनी मात्र हार मानली नाही. काहींनी १८ मिलिमीटरांचे रूळ स्वतः घडवले. हे माप ‘ईएम’ म्हणून ओळखले जाते आणि पुढे ते १८.२ झाले. १९६०च्या दशकात त्याहून काटेकोर मंडळी पुढे आली. त्यांनी थेट १८.८३ चा आग्रह धरला आणि चाकांच्या कडांची जाडीसुद्धा मापात आणली. याची किंमत मोठी असते. दुकानातील इंजिन जसेच्या तसे चालत नाही, चाके बदलावी लागतात, प्रत्येक सांधा हाताने जुळवावा लागतो, आणि रुळात केसाएवढा दोष राहिला तरी गाडी घसरते. डबल ओवाले म्हणतात, आयुष्य रूळ जोडण्यात घालवायचे, की गाड्या चालवण्यात? दोन्ही बाजूंचे म्हणणे खरे असल्यामुळे हा तंटा मिटत नाही.

ईएम मापाची दोन कामे विशेष उल्लेखनीय आहेत. पीटर डेनी या धर्मगुरूंनी दुसऱ्या महायुद्धानंतर ‘बकिंगहॅम’ या नावाने एक कल्पित शाखामार्ग उभारला. त्यावर गाड्या वेळापत्रकानुसार धावत. एका स्थानकाहून दुसऱ्या स्थानकाला घंटेने संदेश जाई. हाताखाली काम करणारा मुलगा मोठा होऊन घराबाहेर पडला, तेव्हा डेनी यांनी त्याच्या स्थानकाचे काम पाहणारे एक यंत्र बनवले आणि त्याला मुलाचेच नाव दिले.

दुसरे काम ऑक्सफर्डशायरमधील लाँग विटनहॅम येथील पेंडन संग्रहालयाचे. रॉय इंग्लंड हे ऑस्ट्रेलियातून १९२५ साली इंग्लंडात आले. व्हाइट हॉर्सच्या खोऱ्यातील गवताने शाकारलेली जुनी घरे डोळ्यांदेखत पाडली जात आहेत, काहींचा कायापालट होत आहे, हे पाहून त्यांनी घराघराची मोजमापे घेऊन पुठ्ठ्याच्या प्रतिकृती करण्यास सुरुवात केली. १९५४ मध्ये संग्रहालय सुरू झाले. दोन महायुद्धांमधील ग्रामजीवन एकास शहात्तर प्रमाणात तेथे दाखवले आहे. मूळची अनेक घरे आता त्या रूपात उरलेली नाहीत. येथे रेल्वे हे निमित्त आणि खोरे हा खरा विषय. निसर्ग, वस्ती आणि रेल्वे यांचे एकसंध चित्र मांडणारी जॉन अहेर्न यांची ‘मॅडर व्हॅली’ ही जुनी मांडणीही तेथेच जतन केली आहे.

कारखान्यांचा इतिहास इतका प्रसन्न नाही. मेकॅनो कंपनी १९६४ मध्ये ‘ट्राय-अँग’ गाड्या करणाऱ्या लाइन्स ब्रदर्सच्या ताब्यात गेली, आणि १९७१ मध्ये लाइन्स ब्रदर्सच बुडाली. हॉर्नबी हे नाव तेवढे तरले. १९९०च्या दशकात तिचे उत्पादन मार्गेटहून टप्प्याटप्प्याने चीनमध्ये हलवण्यात आले. तेथील स्वस्त हस्तकौशल्यामुळे बारीक नळ्या, कठडे, दांडे हे सारे वेगळे बसवणे शक्य झाले. मजुरी वाढल्यावर किमतीही चढल्या. इटलीची लिमा २००४ मध्ये बंद पडली. खुद्द मेर्कलिनने २००९ मध्ये दिवाळखोरीचा अर्ज केला. २०१३ मध्ये सिंबा-डिकी या खेळणी समूहाने ती विकत घेतली. लिव्हरपूलमध्ये १९४६ साली सुरू झालेल्या हॅटन्स या दुकानाने २०२४ च्या जानेवारीत व्यवसाय गुंडाळत असल्याचे जाहीर केले.

त्याच महिन्यात आणखी एक बातमी आली. बर्मिंगहॅमच्या नॅशनल एक्झिबिशन सेंटरमध्ये वॉर्ली क्लब १९९३ पासून भरवीत असलेले मोठे वार्षिक प्रदर्शन यापुढे होणार नव्हते. नोव्हेंबर २०२३ चे प्रदर्शन अखेरचे ठरले. प्रदर्शनातील मांडणी सुट्या फळ्यांवर उभारलेली असते. फळ्या बोल्टांनी जोडायच्या, तारा जुळवायच्या, दोन दिवस उभ्याने गाड्या चालवायच्या आणि पुन्हा सारे गाडीत भरून घरी न्यायचे. प्रेक्षकाला दिसते ते स्थानक. पडद्यामागे दडलेल्या यार्डात गाड्यांची पाळी लावणारी मंडळी दिसत नाहीत. हे काम बिनपगारी आणि अंगमेहनतीचे आहे. छोट्या गावांतील प्रदर्शने सुरू असली, तरी एवढा पसारा उचलणारे हात कमी होत चालले आहेत, हे वॉर्लीच्या निर्णयाने उघड झाले.

याच्या नेमके उलट चित्र हॅम्बुर्गमध्ये आहे. जुन्या गोदामात ब्राउन बंधूंनी २००१ मध्ये सुरू केलेले ‘मिनिआटूर वुंडरलँड’ एचओ मापाचे असून त्यात पंधरा किलोमीटरांहून अधिक रूळ आहेत. स्कँडिनेव्हियाच्या देखाव्यात खरे पाणी आहे, २०११ पासून विमानतळही आहे. पण हा पगारी कर्मचाऱ्यांचा, तिकिटावर चालणारा व्यवसाय होय. त्याला छंद म्हणता येत नाही.

महाराष्ट्रात असे ठिकाण म्हणजे पुण्याच्या कोथरूडमधील जोशी यांचे लघुरेल्वे संग्रहालय. भाऊसाहेब जोशी यांनी ते १९९८ मध्ये लोकांसाठी खुले केले. सर्कस, जलतरण तलाव आणि रस्त्यांमधून धावणाऱ्या त्या गाड्या एचओ मापाच्या आहेत. देखावा भारतीय रेल्वेचा नसल्याने तेथे मापाचा प्रश्न येत नाही. तो पडतो डेक्कन क्वीन किंवा एखादी मालगाडी बनवू पाहणाऱ्या भारतीय हौशी माणसाला. आपले ब्रॉडगेज साडेपाच फुटांचे. एचओ प्रमाणात ते सव्वाएकोणीस मिलिमीटर होते, ब्रिटिश प्रमाणात नेमके बावीस. बाजारात सहज मिळणारे तयार रूळ मात्र साडेसोळाचेच. म्हणजे सत्त्याऐंशीच्या प्रमाणातही आपली तूट पावणेतीन मिलिमीटरांची, ब्रिटिशांपेक्षा मोठी. ती भरून काढायची तर रूळ, सांधे आणि चाकांचे आस घरीच घडवावे लागतात.