वारा मोजणारा प्रकाश

मागच्या वेळी आपण मुंबईच्या प्लेगपर्यंत आलो होतो. तिथूनच पुढे जाऊ.

सप्टेंबर १८९६ मध्ये मांडवीत डॉ. अकासियो व्हिएगस यांनी प्लेग ओळखला. १८९८ मध्ये बॉम्बे इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट निघाला. समुद्राचा वारा दाट वस्तीत शिरावा म्हणून ट्रस्टने प्रिन्सेस स्ट्रीटसारखे रुंद रस्ते काढले. रोग कोंदट हवेतून होतो, अशी तेव्हा पक्की समजूत. गंमत अशी, की प्लेग उंदरावरच्या पिसवांतून पसरतो हे पॉल-लुई सिमों यांनी त्याच वर्षी कराचीत दाखवलं. म्हणजे प्लेगपुरती हवा निर्दोष होती! क्षयाच्या बाबतीत मात्र ती निर्दोष नाही. तो हवेतूनच पसरतो.

पुढे ट्रस्टचे अध्यक्ष जे. पी. ऑर यांनी १९१२ मध्ये घरांतला उजेड आणि हवा यावर व्याख्यान दिलं. त्यांचा आग्रह ६३.५ अंशांच्या नियमाचा. सोप्या भाषेत, समोरची इमारत मधल्या मोकळ्या जागेच्या दुपटीहून उंच नको. नियम चांगला, पण नीट बघा. मोजला जातोय कोन. खोलीत हवा किती आली, हे त्यात मोजलं जात नाही. उजेड येतो तिथे वाराही येत असेल, असं धरून चालले.

मोजणार तरी कसं? तापलेली तार हवेत धरायची आणि ती किती गार होते ते पाहायचं, ही युक्ती होती. पण खोलीतली हवा सेकंदाला दहा-वीस सेंटिमीटर अशी रेंगाळत जाते. तारेच्या स्वतःच्या उष्णतेनेच तिथे झुळूक उठते. शिवाय हवा उलटी फिरली तर साध्या तारेला पत्ता लागत नाही.

इथे मला आमचे वैशेषिक आठवतात. (तत्त्वज्ञानाच्या माणसाला बोलावलंत, तर हे ऐकावंच लागणार.) वायूला रूप नाही, स्पर्श आहे, म्हणून तो दिसत नाही, स्पर्शावरून त्याचं अनुमान करायचं, असं जुने म्हणत. नव्य नैयायिक म्हणाले, स्पर्शाने तो प्रत्यक्षच कळतो. वाद बरीच शतकं चालला.

१९६० मध्ये लेझर आला. १९६४ मध्ये कोलंबिया विद्यापीठात येह आणि कमिन्स यांनी लेझरने प्रवाहाचा वेग मोजला. हवेचा नाही, पाण्याचा. त्यात सूक्ष्म गोळ्या सोडून. हवेसाठी पुढे धुराचे किंवा तेलाचे अगदी बारीक थेंब सोडू लागले. लेझरचे दोन किरण एका ठिकाणी छेदले, की तिथे उजेड-अंधाराचे बारीक पट्टे पडतात. थेंब ते ओलांडताना लुकलुकतो. सेकंदाला किती वेळा लुकलुकला आणि पट्ट्यांत अंतर किती, यांचा गुणाकार म्हणजे वेग. नंतर दुसरी रीत आली: लेझरचा पातळ पडदा पाडायचा, लागोपाठ दोन फोटो घ्यायचे आणि कण कुठून कुठे सरकले ते पाहायचं. यात इमारतीच्या प्रतिकृतीभोवतालचा सगळा प्रवाह एकदम हाती लागतो.

पण लेझरलाही वायू दिसत नाहीच! दिसतो तो कण. वायूचं अनुमानच. माझ्या मते जुने वैशेषिक जिंकले.

आता आपल्याकडे या. मुंबईतल्या पुनर्वसन वसाहतींमध्ये, गोवंडी-मानखुर्दला, इमारती इतक्या खेटून आहेत की खालच्या मजल्यांना उजेड-वारा जेमतेम मिळतो. तिथल्या क्षयाचा घरातल्या हवा-उजेडाशी असलेला संबंध अभ्यासकांनी दाखवला आहे. असा प्रवाह हल्ली संगणकावर काढतात. पण संगणकाचं उत्तर खरं की खोटं, हे तपासायला अशी प्रत्यक्ष मोजणी लागते.

पूनम सागरमधल्या तुमच्या घरी लेझर कुणी आणणार नाही. उदबत्ती लावा, पंखा बंद करा, समोरासमोरच्या दोन खिडक्या उघडा आणि धूर कुठे जातो ते पाहा. मग डक्टकडच्या खिडकीपाशी धरा. तिथे धूर बाहेर जायच्या ऐवजी घरात आला, तर तो खालच्या मजल्यांची हवाही घेऊन आलाय असं समजा.

कुणाला काही विचारायचं असेल तर विचारा.