फॉर्च्युनरच्या किमतीत रेंज रोव्हर? गाडी स्वस्त मिळते, पण दुरुस्तीचं बिल मात्र कोटीच्या गाडीचंच येतं!

इन्स्टाग्राम उघडलं की एखादं तरी रील हमखास दिसतं. चकचकीत काळी रेंज रोव्हर, मागे पंजाबी गाणं आणि खाली ओळ, "फक्त ३० लाख, सिंगल ओनर, शोरूम कंडिशन!"

नवीन रेंज रोव्हर घ्यायची तर आज दोन कोटींच्या पुढे जावं लागतं. मग तीच गाडी दहा वर्षांनी फॉर्च्युनरपेक्षा स्वस्त कशी काय मिळते? विकणाऱ्याला वेड लागलंय का?

अजिबात नाही. विकणाऱ्याला एक गोष्ट पक्की ठाऊक असते. गाडीची किंमत दरवर्षी घसरते, पण तिच्या सुट्या भागांची किंमत घसरत नाही. गाडी ३० लाखांची झाली, तरी तिचं सस्पेन्शन, इंजिन आणि गिअरबॉक्स दोन कोटींच्या गाडीचेच असतात.

त्यात दिल्ली परिसरात दहा वर्षांपेक्षा जुन्या डिझेल गाड्यांवर निर्बंध आले आणि तिथल्या अनेक महागड्या एसयूव्ही पडत्या भावात इतर राज्यांत विकल्या जाऊ लागल्या. महाराष्ट्रातही अशा 'दिल्ली पासिंग' गाड्यांना गिऱ्हाईक आहे.

या गाड्यांत नेमकं बिघडतं काय आणि खर्च किती येतो, ते पाहूया.

१. रात्रीत एका बाजूला बसणारी गाडी

रेंज रोव्हर १९७० साली बाजारात आली तेव्हा तिला साध्या स्टीलच्या स्प्रिंग होत्या. १९९२ मध्ये एअर सस्पेन्शन आलं. म्हणजे चाकांवर स्टीलच्या स्प्रिंगऐवजी हवेने भरलेले रबरी फुगे आणि त्यांत हवा भरायला एक कॉम्प्रेसर. गाडी तरंगल्यासारखी चालते ती यामुळेच.

पण रबर ते रबरच. काही वर्षांनी त्याला बारीक चिरा पडतात. संध्याकाळी सरळ उभी केलेली गाडी सकाळी एका कोपऱ्यात खाली बसलेली दिसते. अशा वेळी अनेक मालक "सुरू केली की उचलते ना" म्हणून दुर्लक्ष करतात, आणि खरा घोळ तिथेच होतो. गळणारी हवा भरून काढायला कॉम्प्रेसर सतत चालत राहतो आणि शेवटी जळतो. एका फुग्याचं काम दोन मोठ्या कामांवर जातं.

अस्सल भाग वापरले तर एका चाकाचा खर्च लाखाच्या घरात जातो. कॉम्प्रेसरचा खर्च वेगळा.

२. डिझेल इंजिन आणि मोडणारा क्रँकशाफ्ट

२००९ नंतरच्या डिस्कव्हरी ४, रेंज रोव्हर स्पोर्ट आणि पुढे मोठ्या रेंज रोव्हरमध्येही ३.० लिटरचं व्ही६ डिझेल इंजिन आलं. ताकद आणि ॲव्हरेज या दोन्ही बाबतींत ते चांगलं. पण त्याच्या क्रँकशाफ्टची बदनामी जगभर आहे.

क्रँकशाफ्टभोवतीचं बेअरिंग आपल्या जागेवरून फिरलं, की ऑइल जाण्याची वाट बंद होते. ऑइलशिवाय धातूवर धातू घासतो आणि शेवटी क्रँकशाफ्टचे दोन तुकडे होतात. बऱ्याचदा आधी काही सूचनाही मिळत नाही. गाडी हायवेवर चालता चालता बंद पडते.

असं झालं तर इंजिन पूर्ण नव्याने बांधावं लागतं किंवा बदलावंच लागतं. ब्रिटनमधल्या खासगी गॅरेजमध्ये या कामाला ढोबळमानाने ७ ते १२ हजार पौंड लागतात, म्हणजे आठ ते चौदा लाख रुपये. ३० लाखांच्या गाडीची निम्मी किंमत एका दिवसात गेली म्हणायची!

प्रत्येक गाडीचं असं होतं असं नाही. वेळेवर ऑइल बदललेल्या कितीतरी गाड्या लाखो किलोमीटर चालल्या आहेत. पण आधीच्या मालकाने ऑइल कधी बदललं, हे गाडीकडे बघून कळत नाही.

३. पेट्रोल घेतली तर सुटलो का?

तसंही नाही. ५.० लिटरच्या व्ही८ पेट्रोल इंजिनात, विशेषतः सुरुवातीच्या वर्षांतल्या गाड्यांत, टायमिंग चेनचे गाइड आणि टेन्शनर झिजतात. सकाळी थंड इंजिन सुरू करताना काही सेकंद खडखड ऐकू येते, ती याची खूण. काम टाळलं आणि चेन सरकली, तर व्हॉल्व्ह पिस्टनवर आपटून इंजिनच जातं.

दुसरी गोष्ट म्हणजे कूलंटचे प्लॅस्टिकचे पाइप. वर्षानुवर्षं गरम-थंड होऊन ते ठिसूळ होतात आणि तडकतात. पाइप फार महाग नसतो, पण सुपरचार्जरच्या इंजिनात तो सुपरचार्जरखाली दडलेला असतो. तिथपर्यंत पोचायचंच लेबर जास्त. कूलंट गळून इंजिन तापलं आणि गाडी तशीच दामटली, तर खर्च लाखांत गेलाच समजा.

४. पार्ट छोटा, लेबर मोठं

डिस्कव्हरी ३, डिस्कव्हरी ४ आणि २०१३ पर्यंतच्या रेंज रोव्हर स्पोर्टमध्ये इंजिनभोवती जागा इतकी कमी आहे, की टर्बोसारख्या कामासाठी अनेक मेकॅनिक सरळ अख्खी बॉडी चॅसीवरून वर उचलतात. ऐकायला अचाट वाटतं, पण खाली हात घालून झटापट करण्यापेक्षा ते सोपं पडतं. बिलात लेबरचा आकडा का फुगतो, ते यावरून लक्षात येईल.

५. 'आयुष्यभर ऑइल बदलायची गरज नाही'

२०१२ नंतरच्या रेंज रोव्हरमध्ये झेडएफ या जर्मन कंपनीचा आठ गिअरचा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स आहे. त्याचं ऑइल आयुष्यभर टिकतं, असं सर्रास सांगितलं जातं. पण खुद्द झेडएफ मात्र ८० हजार ते १ लाख २० हजार किलोमीटर किंवा आठ वर्षांनी ऑइल बदलायचा सल्ला देते. याचा फिल्टर प्लॅस्टिकच्या ऑइल पॅनमध्येच असतो, त्यामुळे अख्खा पॅन बदलावा लागतो. तरीही गिअरबॉक्स उघडण्यापेक्षा हा खर्च कितीतरी कमी.

६. पावसाळा आणि सनरूफ

सनरूफच्या कडेला पाणी वाहून जाण्यासाठी बारीक नळ्या असतात. त्यात पानं, धूळ अडकली की पाणी आत उतरतं आणि कार्पेटखालच्या वायरिंगपर्यंत पोचतं. मग डॅशबोर्डवर कुठलेही दिवे लागतात. कधीकधी मात्र साधी बॅटरी कमजोर असली तरी सस्पेन्शन फॉल्टचा संदेश येतो. म्हणून आधी बॅटरी तपासायची, मग बाकीचं.

गाडी टाटांची, मग पार्ट महाग का?

टाटा मोटर्सने २००८ मध्ये फोर्डकडून जॅग्वार आणि लँड रोव्हर हे दोन्ही ब्रँड २.३ अब्ज डॉलरना घेतले. २०११ पासून पुण्यात लँड रोव्हरच्या काही गाड्यांची जुळणीही होते आणि २०२४ मध्ये रेंज रोव्हरची जुळणीही इथे करण्याचं जाहीर झालं. पण जुळणी इथे झाली, तरी अनेक महत्त्वाचे भाग परदेशातूनच येतात. त्यांवर आयात शुल्क आणि जीएसटी लागतो.

विम्याचा आधार असेल असं वाटत असेल, तर तेही ध्यानात घ्या. नेहमीची मोटार पॉलिसी अपघाताचं नुकसान देते, झिजून बिघडलेल्या भागाचं नाही.

घ्यायचीच असेल तर...

- गाडी रात्रभर एका जागी उभी ठेवायला सांगा आणि सकाळी चारही कोपऱ्यांची उंची बघा.
- इंजिन पूर्ण थंड असतानाच सुरू करून ऐका. विकणाऱ्याने आधीच गरम करून ठेवलं असेल, तर शंका घ्या.
- ऑइल बदलल्याच्या तारखा आणि किलोमीटर असलेला पूर्ण सर्व्हिस रेकॉर्ड मागा. तो नसेल तर सौदा सोडा.
- या ब्रँडचं काम जाणणाऱ्या मेकॅनिककडून स्कॅनर लावून घ्या. त्याची फी काही हजार जाईल, पण लाख वाचतील.
- कार्पेटखाली हात घालून ओल आहे का बघा.
- दुसऱ्या राज्यातली गाडी असेल तर एनओसी, भरावा लागणारा रोड टॅक्स आणि नोंदणीची उरलेली वर्षं तपासा.
- गाडीच्या किमतीशिवाय चार-पाच लाख रुपये दुरुस्तीसाठी बाजूला ठेवता येतात का, याचा हिशेब आधी करा.

हे पैसे बाजूला ठेवणं जमत असेल, तर ३० लाखांत मिळणारा आराम दुसऱ्या फार कमी गाड्या देतात. जमत नसेल, तर ३० लाखांची रेंज रोव्हर ही स्वस्त गाडी नाही. ती आधीच्या मालकाने वेळेत विकून टाकलेली महागडी गाडी आहे.