एकसष्टाचे उत्तर

भास्कराचार्यांचे ‘बीजगणित’ चाळताना मी एका उदाहरणापाशी अडलो. शके १०७२चा, म्हणजे इ.स. ११५०चा हा ग्रंथ. प्रश्न दिसायला साधा: कोणत्या संख्येच्या वर्गाला ६१ने गुणून १ मिळवला असता पुन्हा पूर्ण वर्ग येतो?

शेजारच्या संख्या चटकन दाद देतात. ६०साठी ४ पुरतो: १६ × ६० + १ = ९६१, म्हणजे ३१चा वर्ग. ६२साठी ८ पुरतो. ३९६९ हा ६३चा वर्ग. त्याच भरवशावर मी ६१साठी वही भरवत गेलो आणि हरलो. कारण सर्वांत लहान उत्तरच २२,६१,५३,९८० आहे, आणि वर्ग येतो तो १,७६,६३,१९,०४९चा! मिनिटाला एक संख्या तपासत रात्रंदिवस बसले, तरी तिथवर पोचायला चारशेहून अधिक वर्षे लागतील.

आचार्य तिथे काही ओळींत पोचतात. ८चा वर्ग ६१हून ३ने अधिक. हा ३ म्हणजे ‘क्षेप’. आता अशी संख्या घ्यायची, की ८मध्ये मिळवल्यास बेरजेला ३ने भाग जाईल आणि तिचा वर्ग ६१च्या जवळ असेल. ती ७. चक्रवालाच्या या एका फेऱ्याने ३९ आणि ५ हाती येतात: १५२१ आणि १५२५, क्षेप उणे ४. पुढे ब्रह्मगुप्तांची ‘भावना’ कामी येते. ती दोन उत्तरांच्या संयोगातून तिसरे घडवते. तिने २९,७१८ आणि ३,८०५ मिळतात, क्षेप उणे १. ही जोडी स्वतःशीच जुळवली की झाले.

१६५७मध्ये फर्माने फ्रेनिकलपुढे हाच ६१ ठेवला. इंग्लंडात ब्राउंकरने या प्रकारच्या प्रश्नांची रीत शोधली. ऑयलरच्या चुकीमुळे समीकरणाला नाव मात्र पेलचे चिकटले.

इथे ‘आपल्याकडे सगळे आधीच होते’ म्हणण्याचा मोह होतो. पण आचार्य स्वतः रीतीवर हक्क सांगत नाहीत. हिला चक्रवाल म्हणतात, एवढेच नोंदवतात. १०७३च्या एका टीकेत उदयदिवाकर ती जयदेवाच्या नावे देतो. आणि असे उत्तर नेहमीच असते, याची सिद्धता अठराव्या शतकात लाग्रांजने दिली. श्रेय वाटून घेतल्याने आचार्यांचे काही उणे होत नाही. उलट पेलच्या नावाविषयी तक्रार करण्याचा अधिकार आपल्याला त्यानेच मिळतो.

चाळीसगावजवळच्या पाटण येथील शिलालेख भाऊ दाजींनी उजेडात आणला. आचार्यांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी नातू चांगदेवाने मठ स्थापल्याची हकिकत त्यात आहे, आणि मठाला दिलेल्या उत्पन्नाची नोंद जुन्या मराठीत. गणित टिकावे म्हणून बाजारातल्या मालावरचा वाटा तोडून देणारी ती मराठी वाचताना माझ्या वहीतली फसलेली पाने मला आठवतात. ती मी फाडलेली नाहीत.