जन्मगाव कोणते?

परदेशातील एखाद्या घरात खापरपणजोबांचा कागद निघतो आणि त्यावर जन्मस्थळ म्हणून सात इंग्रजी अक्षरे असतात : जे, ए, यू, एल, एन, ए, एच. वाचणारा 'जौलना' म्हणतो, 'जॉल्नाह' म्हणतो. आजच्या नकाशात ते सापडत नाही. मग जवळचे नाव धरून तो बुंदेलखंडातील जालौनला पोहोचतो. त्याला दोष तरी कसा द्यावा? जालौनच्या इंग्रजी नावात हीच अक्षरे आहेत, फक्त एक 'एच' कमी!

पण ते गाव म्हणजे आपले जालना. कंपनीच्या काळातील इंग्रज आपला 'आ' पुष्कळदा 'एयू'ने लिहीत. पंजाब आणि नवाब हे शब्दही ते तसेच लिहीत. शेवटचा 'एच' ही त्या काळची लेखनाची ढब. हे ध्यानात घेतले की अक्षरे आपोआप 'जालना' बोलू लागतात. आपल्या असईचे नाव तर इंग्रजांनी असे लिहिले की ते वाचून भोकरदनकडचा माणूसही बुचकळ्यात पडेल.

दुसरा घोटाळा त्याच कागदावर 'मद्रास' लिहिलेले असते त्याचा. जालना निजामाच्या मुलखात. मद्रासशी त्याचा संबंध काय? संबंध सैन्याचा. 1803 च्या असईच्या लढाईनंतर येथे मद्रासच्या पलटणी राहू लागल्या, 1827 मध्ये छावणी बांधली गेली. छावणीतील बाप्तिस्म्यांच्या आणि दफनांच्या नोंदी मद्रासमार्गे विलायतेस गेल्या. ज्याने मुंबईची दप्तरे चाळली त्याच्या हाती काही लागायचे नाही.

जिल्ह्याचे नावही फसवते. जालना जिल्हा झाला 1 मे 1981 रोजी. त्यापूर्वी जालना, अंबड, भोकरदन आणि जाफराबाद औरंगाबादेत होते, तर परतूर परभणीत. आणि खुद्द जांबाचेच पाहा ना! मराठवाड्यात जांब नावाची गावे अनेक. 1608 साली जन्मलेल्या समर्थांचे जांब कोणते, हे कोणी विचारीत नाही. गावानेच त्यांचे नाव जोडून घेतले आहे. सामान्य माणसाला तो आधार नाही. त्याच्या कागदावर नुसते 'जांब' असेल तर तालुका, शेजारची गावे, कुलदैवत असे विचारीत जावे लागते.

आम्हांस मात्र अधिक काळजी वाटते ती त्या मद्रासी पलटणींतील तेलुगू-तमिळ शिपायांच्या वंशजांची. गोऱ्या अंमलदाराच्या लेकराचे नाव चर्चच्या वहीत आले. त्याच छावणीत जन्मलेल्या हिंदू किंवा मुसलमान शिपायाच्या लेकरासाठी त्या वहीत जागाच नव्हती. अशा घरी 'आमचे कोणी जालन्यास जन्मले' एवढेच बोलणे उरते. तेथे पलटणीचा क्रमांक आधी विचारावा. तो मिळाला तर ती पलटण जालन्यात कोणत्या वर्षी होती, हे मद्रास सैन्याच्या छापील याद्यांतून काढता येते.